सेस्ना १७२ नक्की किती स्पीडनं जातं? छोट्या विमानांचे खरे आकडे शोधायचे कसे

नेटवर "सेस्ना १७२ क्रूझ स्पीड" असं टाकून बघा, म्हणजे वर पोचून सरळ उडतानाचा नेहमीचा स्पीड. एक जण म्हणतो १२२, दुसरा १२४, तिसरा १४०, चौथा २२६. आणि गंमत म्हणजे चौघंही बरोबर असू शकतात. १२२ नॉट्स (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) म्हणजेच ताशी १४० मैल म्हणजेच ताशी २२६ किलोमीटर, हा झाला १७२ एन या जुन्या मॉडेलचा आकडा, आणि १२४ नॉट्स हा १७२ एस या नव्या मॉडेलचा. चूक कुणाचीच नाही, फक्त कुणीही पूर्ण वाक्य लिहिलेलं नाही.

हे मला कसं कळलं तर मार खाऊन. ट्रेनिंगच्या सुरुवातीच्या दिवसात मी मोठ्या उत्साहानं एक एक्सेल शीट केली होती, १५२, १७२, पायपर, डायमंड सगळ्यांची तुलना, आणि त्यात कुठूनतरी उचललेला १४० हा (खरं तर मैलांचा) आकडा नॉट्सच्या कॉलममध्ये टाकून मोकळा झालो. मग त्याच शीटवरून नेव्ह लॉग, म्हणजे प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याचा (लेगचा) वेळेचा हिशोब, केला. १०० नॉटिकल मैलांचा लेग ४३ मिनिटांत, खरं तर ४९ लागायला हवीत. सरांनी कागद बघितला आणि एवढंच म्हणाले, "१७२ ला टर्बो कधी लावलास रे?" तेव्हापासून सवय लागली की आकडा एकटा कधी घ्यायचा नाही, त्याच्याबरोबर त्याच्या अटी पण घ्यायच्या.

आता पद्धत सांगतो. उदाहरण १७२ चंच घेतो कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे, आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूल्समध्येही दिसतं, आणि घोळ घालायला त्याच्याइतकं चांगलं विमान दुसरं नाही.

सगळ्यात आधी "१७२" म्हणजे कुठलं १७२ ते ठरवा. हे विमान १९५५ साली पहिल्यांदा उडालं, १९५६ पासून विकायला लागले, मध्ये १९८६ ते १९९६ बनवणं बंद होतं, मग परत चालू झालं. एवढ्या वर्षांत नाव तेच, विमान वेगळं. १७२ एम ला १५० हॉर्सपॉवर, एन आणि पी ला १६०, एस ला १८०. मॅक्सिमम टेकऑफ वेट एन ला २३०० पाउंड, पी ला २४००, आर ला २४५०, एस ला २५५०. आणि आर आणि एस ची तर मजाच आहे, दोघांचं इंजिन एकच, लायकमिंग आयओ-३६०-एल२ए, फक्त आर मध्ये ते २४०० आरपीएमला अडवून १६० हॉर्सपॉवर काढतात आणि एस मध्ये २७०० पर्यंत जाऊ देऊन १८०. त्यामुळे नुसतं "इंजिन सेम आहे ना" म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याला चिकटवले तर गेलं सगळं. म्हणून मॉडेलचं अक्षर, उत्पादनाचं वर्ष आणि जमलं तर सिरियल नंबर, हे तीन आधी कागदावर लिहा आणि मगच शोधायला बसा.

ही माहिती पक्की करायला सगळ्यात भारी कागद म्हणजे टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, सगळे टीसीडीएस म्हणतात. विमानाला सर्टिफिकेट देणारी संस्था तो काढते, अमेरिकेत एफएए, युरोपात ईएएसए. १७२ चा एफएए नंबर ३ए१२, सेस्ना १५० आणि १५२ चा ३ए१९, पायपर पीए-२८ चा २ए१३. एफएएच्या डायनॅमिक रेग्युलेटरी सिस्टिम नावाच्या साइटवर नंबर टाकला की पीडीएफ फुकट मिळते, लॉगिन नको काही नको. ईएएसएचे पण त्यांच्या साइटवर उघडे आहेत. दिसायला अगदी रूक्ष, रेशनकार्डासारखं, पण यात प्रत्येक मॉडेलचं इंजिन, आरपीएम लिमिट, प्रॉपेलर, स्पीड लिमिट्स, वजन, सीजीची (गुरुत्वमध्याची) रेंज, फ्युएल कॅपॅसिटी आणि कुठल्या सिरियल नंबरपासून कुठल्यापर्यंत ते लागू, हे सगळं एका जागी असतं. वादावादीत हा कागद टाकला की विषय संपतो.

पण एक लक्षात घ्या, टीसीडीएसमध्ये क्रूझ स्पीड, रेंज, टेकऑफला किती रनवे लागतो असलं काही नसतं. लोक ते शोधत बसतात आणि मग वैतागून परत विकिपीडियावर जातात. टीसीडीएस सांगतो विमान काय आहे आणि त्याच्या मर्यादा काय आहेत. ते काय करू शकतं हे मॅन्युअलमध्ये.

मॅन्युअल म्हणजे पायलट्स ऑपरेटिंग हँडबुक, पीओएच. १९७५ मध्ये गामा या अमेरिकन उत्पादकांच्या संघटनेनं त्याचा एक ठरावीक साचा पाडला, तेव्हापासून बहुतेक छोट्या विमानांची पुस्तकं त्याच क्रमानं असतात, सेक्शन २ लिमिटेशन्स, सेक्शन ५ परफॉर्मन्स, सेक्शन ६ वेट अँड बॅलन्स, सेक्शन ९ सप्लिमेंट्स. हा क्रम डोक्यात बसला की कुठल्याही कंपनीचं पुस्तक असो, अर्ध्या मिनिटात पान सापडतं. त्याआधीच्या विमानांना नुसतं ओनर्स मॅन्युअल असायचं, ते वाचताना जरा जपून, कारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत सेस्नाची पुस्तकं स्पीड मैलात देत होती आणि टेबलंही चार ओळींची.

पीओएच मिळवायचं कुठून? तुम्ही क्लबचे मेंबर किंवा स्टुडंट असाल तर सरळ विमानात ठेवलेलं पुस्तक बघा, तेच त्या विमानाचं खरं पुस्तक, बाकी सगळ्या कॉप्या. नसाल तर पायलट शॉपमध्ये इन्फॉर्मेशन मॅन्युअल नावानं त्याची प्रत विकत मिळते, आणि नेटवर पण बऱ्याच फ्लाइंग क्लबांनी आपापल्या विमानांच्या पीडीएफ टाकलेल्या असतात. ही पीडीएफ उघडली की आधी पहिलं पान बघा. मॉडेल कुठलं, सिरियल कुठून कुठे, रिव्हिजन कितवी. १७२ एस चंच घ्या, काटेवाल्या जुन्या पॅनेलचं पुस्तक वेगळं, जी१००० स्क्रीनवाल्याचं वेगळं, आणि फाइलचं नाव मात्र दोन्हीकडे "१७२ एस पीओएच". इन्फॉर्मेशन मॅन्युअलवर तर छापलेलंच असतं की हे फक्त माहितीसाठी, अपडेट केलं जात नाही. अभ्यासाला, सिम्युलेटरला, तुलना करायला चालेल, खरं उडायला ते धरू नका.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक पान असतं, परफॉर्मन्स स्पेसिफिकेशन्स म्हणून. नेटवरचे नव्वद टक्के आकडे या एका पानावरून उचललेले असतात असं माझं मत आहे, आणि उचलताना खालची टीप सोडून दिलेली असते. १७२ एस चं हे पान असं: सी लेव्हलला मॅक्सिमम १२६ नॉट्स, ८५०० फुटांवर ७५ टक्के पॉवरला १२४ नॉट्स, रेंज ५१८ नॉटिकल मैल, क्लाइंब मिनिटाला ७३० फूट, सर्व्हिस सीलिंग (व्यवहारात किती उंच जाता येतं) १४००० फूट, टेकऑफचा ग्राउंड रोल (जमिनीवरची धाव) ९६० फूट आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत १६३० फूट, लँडिंगला ५७५ आणि १३३५ फूट. आता टीप काय म्हणते? पूर्ण वजन, स्टँडर्ड हवामान, सपाट, पक्का, कोरडा रनवे, वारा शून्य. चाकांवर फेअरिंग्ज (हवेचा अडथळा कमी करणारी आवरणं) बसवलेल्या. रेंजमध्ये ४५ मिनिटांचं रिझर्व्ह धरलेलं. आणि हे आकडे कंपनीच्या फ्लाइट टेस्टवरून गणित करून काढलेले आहेत, प्रत्येक विमानागणिक फरक पडेल. ट्रेनिंगच्या विमानांना बऱ्याचदा त्या फेअरिंग्ज नसतातच, काढून ठेवलेल्या असतात, म्हणजे दोनतीन नॉट्स तिथंच गेले.

म्हणून हे पान फक्त ओळख करून घ्यायला, खरा आकडा सेक्शन ५ च्या टेबलमधून. आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळा खेळ इथंच आहे.

पुण्याचं उदाहरण घेऊ. लोहगावची उंची १९४२ फूट. मे महिन्यातली दुपार, ४० डिग्री. त्या उंचीला स्टँडर्ड तापमान साधारण ११ डिग्री हवं, म्हणजे २९ डिग्री जास्त. एका डिग्रीला १२० फूट हा आपला ढोबळ हिशोब लावला तर जवळपास ३५०० फूट वाढले, डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, झाली ५४०० फुटांच्या आसपास. कळसूबाई किती उंच आहे माहितीये ना, १६४६ मीटर, म्हणजे बरोब्बर ५४०० फूट. तर मे महिन्यात दुपारी लोहगावच्या रनवेवर उभं असलेलं विमान हवेच्या दृष्टीनं कळसूबाईच्या मंदिराशेजारी उभं असतं आणि आपण त्याच्याकडून सी लेव्हलच्या ब्रोशरचे आकडे मागतो.

आता १७२ एस चं टेकऑफ टेबल उघडा, २५५० पाउंड, २००० फूट, ४० डिग्री. ग्राउंड रोल १४०० फुटांच्या जवळ, ५० फूट ओलांडायला साधारण २३५०. पहिल्या पानावर होते ९६० आणि १६३०. क्लाइंब ७३० वरून साधारण ५६० वर. विमान तेच, पायलट तोच, पुस्तकही तेच.

आणि टेबलच्या वरच्या अटी पण वाचा, लोक थेट आकड्यांवर उडी मारतात. हे टेबल शॉर्ट फील्ड टेक्निकचं आहे, फ्लॅप १० डिग्री, ब्रेक दाबून धरून फुल थ्रॉटल मग ब्रेक सोडायचे, ५१ नॉट्सला उचलायचं, ५० फुटांवर ५६ नॉट्स. आपण रोज करतो तसा निवांत रोलिंग टेकऑफ केला तर हे आकडे आपले नाहीत. खालच्या नोट्स: समोरून दर ९ नॉट्स वाऱ्याला १० टक्के कमी करा, पण मागून वारा असेल तर दर २ नॉट्सलाच १० टक्के वाढवा, कोरडं गवत असेल तर ग्राउंड रोलच्या १५ टक्के अजून. ९ ला १० आणि २ ला १०, हा फरक एकदा नीट बघा, मागून आलेल्या पाच नॉट्सला "चालतंय" म्हणणारे बरेच भेटतात. लँडिंगच्या टेबलात कोरड्या गवताला ग्राउंड रोलच्या ४५ टक्के वाढवायला सांगितलंय आणि फ्लॅपशिवाय उतरलात तर ३५ टक्के.

पुस्तकातला आकडा हा नव्या विमानाचा, नव्या इंजिनाचा आणि टेस्ट पायलटचा. त्याच्यावर किती मार्जिन ठेवायचं याला ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीचं सेफ्टी सेन्स लीफलेट नंबर ७ मला सगळ्यात व्यवहारी वाटतं, नेटवर फुकट आहे. त्यात टेकऑफचे ढोबळ गुणक दिलेत, वजन १० टक्के वाढलं तर अंतर २० टक्के वाढतं, उंची १००० फूट वाढली तर १० टक्के, तापमान १० डिग्री वाढलं तर १० टक्के, ओलं गवत ३० टक्के, २ टक्के चढ असेल तर १० टक्के. हे एकमेकांत गुणायचे, बेरीज नाही. आणि सगळं झालं की वरून टेकऑफला १.३३ नी आणि लँडिंगला १.४३ नी गुणायचं. म्हणजे आपले पुण्याचे २३५० झाले ३१०० च्या वर. लोहगावचा रनवे लांबलचक आहे, तिथं काही वाटणार नाही, पण एखाद्या छोट्या पट्टीवर हाच हिशोब घाम फोडतो. उंची आणि तापमान टेबलात आधीच धरलेलं असेल तर ते गुणक परत लावायचे नाहीत हे पण लक्षात ठेवा, मी एकदा दोन्ही लावून विमान कुठूनच उडत नाही असा निष्कर्ष काढला होता.

आता घोळाच्या जागा, पटापट. स्टॉल स्पीड (ज्याच्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत): १७२ एस चा फुल फ्लॅपला ४८ नॉट्स असं स्पेसिफिकेशनच्या पानावर, पण एअरस्पीड इंडिकेटरवर पांढरा पट्टा सुरू होतो ४० ला. एक कॅलिब्रेटेड (उपकरणाची चूक सुधारलेला), एक इंडिकेटेड (काटा दाखवतो तो), आणि कमी स्पीडला नाक वर असताना काटा बराच कमी दाखवतो. दोन विमानांची तुलना करताना दोन्हीकडे एकच प्रकार घ्या. गॅलन: अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, ब्रिटिश ४.५४६ लिटर, जुन्या इंग्लिश मासिकांतले आकडे घेताना हा फरक पार वाट लावतो. फ्युएल: १७२ एस मध्ये ५६ गॅलन मावतं पण वापरता येतं ५३, हिशोब नेहमी ५३ चा. लँडिंग डिस्टन्स म्हणून कुणी ५७५ लिहिलं तर ते फक्त चाकं टेकल्यानंतरचं, आणि तेही जोरदार ब्रेक मारून.

रेंज आणि पेलोड हे दोन तर एकमेकांचे दुश्मन. १७२ एस चा युजफुल लोड (माणसं, सामान आणि फ्युएल मिळून) ८९५ पाउंड म्हणजे ४०६ किलो, वाचून वाटतं चौघं आरामात आणि वर बॅगा. पण ५१८ नॉटिकल मैलांची रेंज हवी तर टाक्या फुल पाहिजेत. ५३ गॅलन गुणिले ६ पाउंड, ३१८ गेले, उरले ५७७ पाउंड, म्हणजे २६२ किलो. ७५ किलोचे तिघं आणि एकदोन सॅक. चौथा आला की फ्युएल काढा. हे दोन्ही आकडे एकाच पानावर छापलेले असतात पण एकाच उड्डाणात मिळत नाहीत. शिवाय ८९५ हे कंपनीच्या स्टँडर्ड रिकाम्या वजनावरून, १६६३ पाउंड. प्रत्यक्ष विमानात रेडिओ, ऑटोपायलट, रंग, दुरुस्त्या असं काय काय वाढत जातं, त्यामुळे त्या विमानाचा स्वतःचा वेट रिपोर्टच धरायचा.

कुठलाही आकडा संशयास्पद वाटला तर उलट गणित करून बघा. ७५ टक्के पॉवरला तासाला १० गॅलनच्या आसपास जातं. ५३ भागिले १०, पाच तास अठरा मिनिटं, त्यातून ४५ मिनिटं वजा, राहिले साडेचार तास, गुणिले १२४, येतात साधारण ५६० नॉटिकल मैल. पुस्तक म्हणतं ५१८. फरक कुठं गेला तर टॅक्सी आणि क्लाइंबमध्ये, चढताना स्पीड कमी आणि फ्युएल जास्त. म्हणजे ५१८ पटतं. पण एखादी साइट त्याच विमानाला त्याच पॉवरवर ७०० मैल दाखवत असेल तर एकतर रिझर्व्ह धरलेलं नाही आणि पॉवर पण कमी धरलीये, किंवा मैल नॉटिकल नाहीत, साधे आहेत.

बदल केलेली विमानं हा अजून एक खड्डा. १७२ एन मध्ये १८० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलेली बरीच आहेत, सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बदलाची वेगळी परवानगी, घेऊन, सगळं कायदेशीर. अशा विमानाचा मूळ सेक्शन ५ पुरेसा नसतो, त्या बदलाबरोबर आलेलं सप्लिमेंट मागच्या सेक्शन ९ मध्ये शोधा. काही वेळा सप्लिमेंटमध्ये "परफॉर्मन्स मूळ विमानाइतका किंवा जास्त" एवढं एकच वाक्य असतं, मग जुनीच टेबलं धरायची, वाढीव पॉवर बोनस समजायचा.

किट विमानं आणि अल्ट्रालाइट यांच्या बाबतीत मात्र मी जरा खडूस आहे. तिथं सर्टिफाइड विमानासारखी तपासणी नसते, ब्रोशर म्हणजे उत्पादकाचा शब्द. त्यातल्या त्यात व्हॅन्सची आरव्ही मालिका प्रामाणिक वाटते कारण ते एकटा पायलट असतानाचे आणि पूर्ण वजनाचे आकडे वेगवेगळ्या रकान्यात देतात. दुसरं म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कॅफे फाउंडेशननं नव्वदच्या दशकात अशा बऱ्याच विमानांच्या स्वतंत्र टेस्ट केल्या, स्वतःची उपकरणं बसवून, वजनकाट्यावर चढवून, ते रिपोर्ट नेटवर सापडतात आणि टेस्ट कशी करावी हे शिकायला पण मस्त आहेत.

शीट कशी ठेवायची ते सांगतो, माझी आता अशी आहे. एका ओळीत एकच आकडा. पुढे युनिट, स्पीड असेल तर कुठल्या प्रकारचा, वजन, प्रेशर अल्टिट्यूड (अल्टिमीटर स्टँडर्ड दाबावर ठेवून दिसणारी उंची), तापमान, पॉवर टक्के, फ्लॅप, रनवे कसला, आणि शेवटी कुठल्या पुस्तकाचं कुठलं पान, कुठली रिव्हिजन. अर्धे रकाने रिकामे राहिले तर तो आकडा मी लाल करतो आणि तुलनेत घेत नाही. सुरुवातीला माझी ७० टक्के शीट लाल होती.

आणि विमान हाताशी असेल तर स्वतः मोजा की. शांत हवेची सकाळ, ठरलेली उंची, आरपीएम सेट करून मिक्श्चर नीट लीन करून (हवेच्या मानानं फ्युएल कमी करून) दोन मिनिटं स्पीड स्थिर होऊ द्या, मग उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चार हेडिंगवर प्रत्येकी एकदोन मिनिटं जाऊन जीपीएसचा ग्राउंड स्पीड लिहून घ्या, शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर किंवा मित्र लिहील, तुम्ही बाहेर बघा. चारांची सरासरी म्हणजे वारा हलका असताना बऱ्यापैकी ट्रू एअरस्पीड, हवेतून जाण्याचा खरा स्पीड. बाहेरचं तापमान आणि प्रेशर अल्टिट्यूड पण टिपा नाहीतर टेबलशी जुळवणार कशाशी. फ्युएलला गेजवर विश्वास नको, निघताना डिपस्टिक, आल्यावर डिपस्टिक, आणि परत भरताना बाउजरच्या (फ्युएलच्या टँकरच्या) मीटरवरचे लिटर, तिन्ही लिहा. मी ज्या जुन्या १७२ वर हे केलं ते पुस्तकापेक्षा सात नॉट्सनी हळू निघालं, फेअरिंग्ज नव्हत्या, रंग उडालेला, एका दरवाज्याचं सील गेलेलं. माझ्या शीटमध्ये त्याच्यापुढे आता ११५ लिहिलंय, नॉट्स, ट्रू.